बरसाती

जरा जवळ सरकून बसा. आजची गोष्ट एका माशीच्या ओठात मावेल एवढीच आहे, पण ती सोलापूरच्या स्टेशनाबाहेरच्या टांग्यांच्या रांगेतून निघते, मुंबईला जाते, तिथून अमेरिका, ब्राझील, जपान असा फेरा मारते आणि अकलूजच्या घोडेबाजारात येऊन थांबते, तेव्हा पाय मोकळे करून बसलेलं बरं.

मी तेव्हा नव्यानंच मास्तर म्हणून लागलो होतो आणि शाळा लांब असल्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे खिशात पगार खुळखुळत असेपर्यंत, टांग्यानं जायचो. टांगेवाल्याला सगळी पेठ चाचा म्हणायची. त्यांची घोडी बिजली. नावाला बिजली, पण चाल अशी शांत की पाठीमागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकायचा. बुटकी, पोलादी खुरांची, ओंजळभर चंदीवर दिवस काढणारी भीमथडी. भीमेच्या दोन्ही काठांवर वाढलेली ही जात, मराठ्यांच्या फौजांनी हिच्याच पाठीवर मुलुख पालथे घातले, आणि अलीकडेच सरकारदरबारी देशी घोड्यांच्या यादीत तिचं नाव लागलं म्हणतात. चाचांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, तिला कुठं वाचता येतंय.

तर सांगत काय होतो, बिजलीचा डोळा. माउलींची पालखी नातेपुते-माळशिरसाच्या अंगानं आपल्या जिल्ह्यात शिरली, दोन चांगल्या सरी पडल्या की बिजलीच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात आणि मागच्या एका पायाला, खुराच्या वर चार बोटांवर, एक बारीकशी जखम फुटायची. आधी नखाएवढी, मग रुपयाएवढी, मग तळहाताएवढी. लालभडक, दाणेदार मांस वर यायचं, चिघळायचं, खाज अशी की टांग्याच्या दांडीवर पाय घासघासून घोडी स्वतःच ती रक्तबंबाळ करायची. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे, जखम दाबली की त्यातून पिवळट, तांदळाच्या कणीएवढे खडे निघायचे. एकदा चाचांनी तसला एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. बोटांत चुरडून बघितला तर वाळूसारखा करकरला. जिवंत मांसातून खडे निघतात हे मी तोवर फक्त मुतखड्याच्या बाबतीत ऐकलं होतं.

उपायांना तोटा नव्हता. करंजाचं तेल झालं, हळद-चुना झाला, मोरचूद लावला, तापल्या सळईनं डाग दिला, दर्ग्यातला दोरा बांधला, आमच्या शेजारच्या काकूंनी तर टांगा दारात थांबला असताना मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. श्रावणात कशाचाच गुण यायचा नाही. भाद्रपदात घोडी आणखी बेजार. आणि मग दिवाळी झाली, पहाटे गारवा पडायला लागला की जखम आपोआप आकसायची, खपली धरायची, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत तिथं नुसता एक केस नसलेला गुळगुळीत डाग उरायचा. त्यामुळे गंमत अशी व्हायची की ज्याचा उपाय कार्तिकात चालू असेल तो त्या सालचा धन्वंतरी! एक वर्ष तो मान काकूंच्या मीठ-मोहऱ्यांना मिळाला, एक वर्ष दोऱ्याला, आणि एक वर्ष, सांगायला लाज वाटते, माझ्या कापूर घातलेल्या खोबरेल तेलाला. पुढचे सहा महिने मी पेठेत घोड्यांचा डॉक्टर म्हणून मिरवलो. आषाढात बिजलीचा डोळा पुन्हा फुटला आणि माझी डिग्री गेली.

चाचा मात्र कुणावर चिडायचे नाहीत. म्हणायचे, “बरसाती हाय ओ मास्तर. थंडी पडली की जातंय बगा.”

आता हा बरसाती शब्द साधासुधा नाही. इंग्रजांच्या पलटणींत घोड्यांचे डॉक्टर असायचे, त्यांना हिंदुस्थानात आल्यावर हीच जखम दिसली आणि विलायतेत असलं काही पाहिलेलं नसल्यामुळे त्यांनी मोतद्दारांच्या तोंडचा शब्द उचलून तसाच आपल्या पुस्तकांत घातला. आतल्या खड्यांनासुद्धा त्यांनी आपल्याच मातीतला शब्द लावला, कंकर. काळ्या रानात नांगराच्या फाळाला चुनखडीचे खडे लागतात ना, तेच कंकर. कारणाबद्दल मात्र साहेबांची तऱ्हा आमच्या पेठेपेक्षा फार वेगळी नव्हती. कुणी म्हणे रक्त बिघडलं, कुणी म्हणे दमट हवा, कुणी म्हणे बुरशी. औषधं बदलायची, हिवाळा यायचा, जखम भरायची, आणि त्या हिवाळ्यात ज्याची बाटली उघडी असेल तो मिशीला पीळ भरायचा.

खरं उत्तर कुठं होतं? मुंबईतच सापडून पडलेलं होतं, पण ते या प्रश्नाचं उत्तर आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुंबईत त्या काळी हेन्री जॉन कार्टर नावाचा कंपनी सरकारचा एक डॉक्टर होता. (त्याच काळात मुंबईत दुसराही एक डॉक्टर हेन्री कार्टर होता, हेन्री व्हॅनडाइक कार्टर, शरीरशास्त्राच्या त्या प्रसिद्ध ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारा, पुढे आपल्या साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन राहिलेला. टपालवाल्याचे काय हाल होत असतील कोण जाणे.) तर आपला हा जॉन कार्टर मोठा रिकामटेकडा, म्हणजे चांगल्या अर्थानं. अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या जहाजावर जाऊन आला, मुंबईच्या तळ्यांतले गोड्या पाण्यातले स्पंज निरखत बसला, आणि एक दिवस घरातली साधी माशी, जी आपण पंचानं हाकलतो, ती धरून सूक्ष्मदर्शकाखाली उघडली. तिच्या सोंडेत वळवळत होते धाग्यासारखे बारीक किडे! एका माशीत नाही, तर दर तीन माशांमागे एकीत, आणि एकेकीत दोनापासून वीसवीसपर्यंत. १८६१ साली त्यानं ते छापून टाकलं आणि किड्याच्या नावात ‘मस्की’ घातलं, म्हणजे माशीचा. हा माशीचाच जंत, असा त्याचा समज. मग तो विलायतेला परतला आणि उरलेलं आयुष्य स्पंजांच्या जाती मोजण्यात घालवलं.

पन्नास वर्षं गेली. एवढ्या काळात परळला १८८६ मध्ये जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेजही निघालं, आणि मुंबईच्या रस्त्यावर टांगे, व्हिक्टोरिया, घोड्यांच्या ट्रामगाड्या, म्हणजे प्रश्न आणि उत्तर एकाच रस्त्यावरून रोज एकमेकांच्या अंगावरून जात होते, पण ओळख करून देणारा कुणी नव्हता. ती ओळख करून दिली अमेरिकेतल्या रॅन्सम नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं, १९११ ते १९१३ च्या सुमारास. त्यानं दाखवलं की तो किडा माशीचा नव्हेच. माशी ही नुसती त्याची आगगाडी. त्याचं घर आहे घोड्याच्या पोटात.

आता हा प्रवास नीट ऐका, कारण असला नेमका टाइमटेबल रेल्वेलासुद्धा जमलेला नाही. घोड्याच्या जठरात हे बोटाच्या पेराएवढे जंत राहतात, आणि तिथं घोड्याला त्यांचा फारसा त्रासही नसतो. त्यांची पिल्लं लिदीबरोबर बाहेर पडतात. ऊन ऊन लीद पडली की घरमाशी येऊन एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते, दिवसभरात अळ्या निघतात, आणि त्या लीद खाता खाता जंताची ही पिल्लंही गिळतात. मग अळीच्या आत पिल्लू वाढतं. अळीचा कोष होतो, तेही वाढतं. आणि ज्या सुमाराला पंख फुटून माशी बाहेर पडते त्याच सुमाराला पिल्लूही तयार होऊन तिच्या डोक्याकडे चढायला लागतं आणि सोंडेत जाऊन बसतं. (तबेल्यात घरमाशीसारखीच दिसणारी पण कडकडून चावणारी एक माशी असते, तिच्यातून याच जंताचा एक चुलतभाऊ असाच फिरतो.) घरमाशी चावत नाही. तिचे ओठ म्हणजे स्पंजाचा तुकडा, ओल दिसली की टेकवायचा आणि टिपून घ्यायचं. ती घोड्याच्या ओठांवर बसली, खालून ऊब आणि ओल लागली, की आतला किडा ओळखतो, आलं स्टेशन, आणि माशीच्या ओठाचं नाजूक कातडं फोडून उतरतो. घोडा जीभ फिरवतो, तोबऱ्यातली चंदी चघळतो, किडा पोटात. सुखरूप घरी!

पण माशीला काय ठाऊक कुठं बसायचं? घोडा तर माशी उडवण्यात मोठा पटाईत. कधी निरखून बघा, खांद्यावर किंवा कुशीवर माशी बसली तर तो शेपूटही हलवत नाही, तेवढ्यापुरतं कातडं असं थरथरवतो की वाऱ्यानं तळ्यावर शिरशिरी उठावी. कातड्याखाली त्यासाठी एक पातळ स्नायूच अंथरलेला असतो. पण हा स्नायू खाली पायांपर्यंत पोचत नाही, म्हणून पायावरच्या माशीला तो टाप आपटून बघतो. आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, जिथं सतत पाणी पाझरतं, तिथं तर नुसती मान हलवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. टांग्याला जुंपलेला असेल तर तेही नाही. माशी नेमकी तिथं बसते, किंवा पायाला खरचटलं असेल तिथं. किडा उतरतो आणि बघतो तर हे आपलं गाव नव्हेच! पोट नाही, जठर नाही, नुसतं कातडं. परत जायची गाडी निघून गेलेली. मग वाट चुकलेलं ते पोर तिथंच मांसात चाचपडतं, वाढत तर नाही, मरत मात्र सावकाश, आणि घोड्याचं शरीर या परक्याभोवती भिंती बांधत सुटतं. मेलेल्या किड्याभोवती चुना बसतो. तोच तो माझ्या तळहातावर करकरलेला कंकर. जखमेचा हा हिशेब लावला रायए आणि देकाझो या फ्रेंच मंडळींनी, १९१५ साली. देकाझोनं ब्राझीलमधल्या घोड्यांची जखम अभ्यासली होती, आणि तिथले लोक तिला काय म्हणत असतील? एस्पोंजा. म्हणजे स्पंज! कार्टरसाहेबांनी उरलेलं आयुष्य ज्याच्यावर वेचलं, तेच नाव.

मग थंडीत जखम का भरायची, हे सांगायला नकोच. गारव्यानं माशा कमी झाल्या, नवी गाडी येणं बंद झालं, आतले प्रवासी काही आठवड्यांत संपले. काकूंच्या मोहऱ्यांचा किंवा माझ्या तेलाचा त्यात एक थेंबसुद्धा वाटा नव्हता. आणि चाचांच्याच ठाणावर शेजारी बांधलेला दुसरा घोडा ठणठणीत आणि बिजलीच का दर वर्षी, याचंही उत्तर मिळालं. काही घोड्यांच्या अंगाला या किड्यांचं वावडं असतं. एखाद्याला शेंगदाण्यानं गांधी उठतात आणि त्याचा भाऊ पोतं संपवतो, तसं.

एक मात्र सांगून ठेवतो, नाहीतर कुणी अर्ध्या ज्ञानावर दुकान टाकायचं. बरसाती या एका नावाखाली दोन चोर वावरत होते. दुसरा पाण्यातला, पिथियम नावाचा. दिसायला बुरशी, पण बुरशीच्या घराण्यातला नाही, शेवाळाच्या गोतावळ्यातला. डबक्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या केसांकडे याची सूक्ष्म बीजं दोन शेपट्यांनी पोहत जातात. त्याला औषध निराळं आणि तो वाढतोही झपाट्यानं. जखमेचा तुकडा तपासल्याशिवाय दोघांतला कोणता हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून डॉक्टरला बोलवावं.

माशीवाल्या बरसातीचं औषध मात्र निघालं, आणि तेही मातीतून. जपानमधल्या इतो गावाजवळ, गोल्फच्या मैदानाशेजारून ओमुरा नावाच्या शास्त्रज्ञानं चिमूटभर माती उचलली. तिच्यातल्या एका जिवाणूपासून अमेरिकेतल्या कॅम्पबेल आणि मंडळींनी आयव्हरमेक्टिन केलं, १९८१ पासून ते जनावरांसाठी मिळायला लागलं, आणि त्या दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं. डॉक्टर वजन बघून त्याची मात्रा देतात, त्यानं कातड्यातलेही किडे मरतात आणि पोटातलेही. बरोबरीनं लीद रोजची रोज उचलायची आणि खड्ड्यात दाबून झाकायची; आत ती अशी तापते की अळीचा निभाव लागत नाही. बिजलीच्या नशिबी यातलं काही नव्हतं. चाचा तिच्या डोळ्यावर आपल्या जुन्या सदऱ्याची झालर बांधायचे, दोरे लोंबते ठेवून, म्हणजे मान हलवली की माशी उडेल. आज मागे वळून बघतो तर आमच्या सगळ्या पेठेत खरा इलाज तेवढा एकच होता, आणि आम्ही त्याला हसायचो.

टांगे गेले. चाचांचा नातू आता वरातीचे घोडे ठेवतो. मध्ये दिवाळीच्या दिवसांत तो मला अकलूजच्या घोडेबाजारात घेऊन गेला. दूरदूरचे घोडे, अंगावर तेल फिरवल्यासारखी चकाकी, गळ्यात घुंगरमाळा. एक पांढरी घोडी त्याच्या मनात भरली. बघणारे सगळे भोवरे मोजत होते, कपाळावर किती, मानेवर कुठं, शुभ की अशुभ. नातवानं भोवऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. लगाम धरून तिचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि अंगठा डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून हळूच फिरवला. तिथं पावलीएवढा गुळगुळीत डाग होता, एकही केस नसलेला.

त्यानं विकणाऱ्याकडे बघून विचारलं, “हे काय?”

“काय नाय ओ,” तो तंबाखू मळत म्हणाला, “माशी बसली हुती नुसती.”