पोटकंत्राट आणि उद्योगाची घडण

निर्मळ येथे कार्तिक महिन्यात भरणाऱ्या यात्रेत व्यवहाराचे सर्वांत साधे रूप दृष्टीस पडते. विक्रेता माल मांडतो, गिऱ्हाईक भाव ठरविते, पैसे हातात पडतात आणि उभयतांचा संबंध तेथेच संपतो. याच वसई तालुक्यात, रेल्वेच्या पूर्वेस, वालीव व सातिवली या भागांत लहान कारखान्यांचे गाळे आहेत. तेथील पुष्कळशा व्यवहारांचे स्वरूप याहून निराळे असते. गाळ्यात घडणारा सुटा भाग बाजारात मांडावयाचा नसतो. दुसऱ्या कारखान्याने तो आधीच मागविलेला असतो, आणि कित्येकदा कच्चा मालही त्यानेच धाडलेला असतो. स्वतः पत्करलेल्या कामाचा काही भाग अशा रीतीने दुसऱ्याकडून करवून घेणे, यास पोटकंत्राट म्हणतात.

हा शब्द विचार करण्याजोगा आहे. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू या शब्दांत ‘पोट’ हे पूर्वपद मोठ्या वस्तूच्या अंतर्भागात असलेली लहान वस्तू सुचविते. पोटकंत्राटदार मात्र कायद्याच्या दृष्टीने बाहेरचा, स्वतंत्र मालक असतो. जो हिशेबात बाहेर आणि कामात आत, त्याचे स्थान कोणते, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

उद्योगसंस्था कोणते काम स्वतः करते व कोणते बाहेर देते, याची मीमांसा रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने 1937 साली केली. बाजारातून काम करवून घेण्यासही खर्च पडतो: योग्य माणूस शोधणे, भाव ठरविणे, करार करणे व तो पाळला जातो की नाही हे पाहणे. हा खर्च आपल्या छपराखाली काम चालविण्याच्या खर्चाहून अधिक असेल, तर संस्था वाढते. कमी असेल, तर काम बाहेर जाते. पोटकंत्राट या दोहोंच्या मधले आहे. त्यात यात्रेतील व्यवहाराप्रमाणे दोन मालक असतात; परंतु माप, दर्जा व मुदत यांविषयीची आज्ञा कारखान्याप्रमाणे एकाच बाजूने येते.

या फेरबदलाचे ठळक उदाहरण मुंबईच्या कापडगिरण्यांचे आहे. 1982 च्या संपकाळात गिरण्यांचे पुष्कळ विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. तेथे व्यापाऱ्याने सूत द्यावे व मागवाल्याने मजुरीवर कापड विणून द्यावे, ही पद्धत रूढ आहे. कापड विणले जातच राहिले. परंतु एका छपराखाली संघटित असलेला कामगार अनेक लहान शेडांत विखुरला. मंदी आली की गिरणीला कामगारकपात करावी लागे. व्यापाऱ्याला केवळ सूत धाडणे थांबविले की पुरते. रिकाम्या मागाचा भार मागवाल्यावर, आणि अखेरीस विणकरावर पडतो.

म्हणून एखादा पोटकंत्राटदार खरोखर स्वतंत्र आहे काय, हे त्याच्या दारावरील पाटीवरून ठरत नाही. कच्चा माल कोणाचा, साचे कोणाचे, दर कोण ठरवितो आणि गिऱ्हाइके किती, हे चार प्रश्न विचारावयास हवेत. चारही उत्तरे एकाच कारखान्याकडे बोट दाखवीत असतील, तर तो गाळा नावाने उद्योग आणि वस्तुतः त्या कारखान्याचा एक विभाग होय. मात्र विभागाला असणारे संरक्षण त्याला नसते.

कायद्यानेही ही अडचण ओळखली आहे. कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते मुख्य मालकाने द्यावे, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यान्वये लहान पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत चुकविणे बंधनकारक आहे. परंतु ज्याला एकच गिऱ्हाईक आहे, तो त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास सहसा धजत नाही. दुसरे गिऱ्हाईक मिळविण्याची शक्ती हेच त्याच्या स्वातंत्र्याचे खरे माप होय. ती असेल तर पोटकंत्राट ही लहान उद्योगाची पायरी ठरते. नसेल तर ‘मालक’ हा शब्द तेवढा त्याच्या वाट्यास येतो.