सर्जनशील लेखनाचे अध्यापन : सूक्ष्म वाचन आणि कार्यशाळेतील प्रतिसाद

सर्जनशील लेखन शिकविता येते काय, हा प्रश्न भाषा विभागांतून वारंवार उपस्थित होतो. प्रतिभा शिकविता येत नाही हे मान्य केले, तरी स्वतःच्या लेखनाकडे वाचक म्हणून पाहण्याची सवय निश्चितच लावता येते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेली लेखक कार्यशाळा याच भूमिकेवर उभी आहे. हस्तलिखित सर्वांनी आधी वाचावे, वर्गात त्यावर चर्चा करावी व त्या वेळी लेखकाने मौन पाळावे, ही तिच्यामुळे सर्वदूर रूढ झालेली पद्धती होय.

तथापि, चर्चा करणाऱ्यांना वाचता येते हे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. केंब्रिज येथे आय. ए. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव वगळून विद्यार्थ्यांना कविता दिल्या व लेखी अभिप्राय घेतले. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथातील निष्कर्ष आजही अध्यापकास अस्वस्थ करतात. सुशिक्षित विद्यार्थीही कवितेचा साधा अर्थ लावताना चुकत होते; निवाडा मात्र निःसंकोचपणे देत होते. म्हणूनच कार्यशाळेत वर्णन आधी व मूल्यमापन नंतर, हा क्रम आवश्यक ठरतो. कथा कोण सांगते, काळ कोठे बदलतो, कोणती माहिती दडविली आहे, हे संहितेतील ओळीवर बोट ठेवून सांगता आले पाहिजे. ‘छान जमली’ या शेऱ्यातून पुनर्लेखनास काहीच हाती लागत नाही.

मराठीस ही रीत अगदीच परकी नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन लेखकांना साक्षेपी वाचनातून पुनर्लेखन सुचवीत. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडले.

मौनाचा नियम मात्र जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. अहिराणी वा वऱ्हाडी भाषक विद्यार्थ्याने कथेत घरचा शब्द योजला आणि वर्गाने तो ‘अशुद्ध’ ठरविला, तर खुलासा करण्याची मुभा नसलेला तो विद्यार्थी पुढची कथा प्रमाणभाषेत लिहितो; कधी लिहीतच नाही. बहिणाबाई चौधरींची कविता आवडीने शिकणाऱ्या वर्गातही असे घडू शकते, हे विशेष. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये विकसित केलेल्या प्रतिसादप्रक्रियेत याला उत्तर सापडते. तीत कलाकृतीतील अर्थपूर्ण वाटलेल्या गोष्टी प्रथम सांगितल्या जातात, नंतर कलावंत स्वतः प्रश्न विचारतो, मग इतर तटस्थ प्रश्न मांडतात. मत मात्र कलावंताच्या अनुमतीनेच दिले जाते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात ही प्रक्रिया एका तासिकेत पूर्ण होणे अशक्यच. सहा-सात जणांचे गट, प्रत्येकी एकच पृष्ठ आणि दोन्ही खर्डे एकत्र सादर करण्याची अट, एवढ्यावर प्रारंभ करता येतो.