३.४ परिणाम मोजण्याच्या दोन पद्धती

'पाऊस पडला असता, तर पीक वाचले असते.' क्रियापदाचा हा संकेतार्थ तुम्हाला परिचित आहे. धोरणाचा परिणाम मोजतानाही असाच प्रश्न विचारावा लागतो : धोरण आले नसते, तर काय झाले असते? ती स्थिती प्रत्यक्षात दिसत नाही. तिचा अंदाज बांधावा लागतो. त्याच घटकांची वेगवेगळ्या काळी घेतलेली माहिती, म्हणजे पॅनेल सामग्री, यासाठी उपयोगी पडते.

(अ) फरकांतील फरक : १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते बदलले नाही. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडील फास्ट फूड उपाहारगृहांची वाढीपूर्वी व वाढीनंतर पाहणी केली. पूर्णवेळ कामगारांच्या हिशेबात सरासरी कामगारसंख्या न्यू जर्सीत २०.४४ वरून २१.०३ झाली, पेनसिल्व्हेनियात २३.३३ वरून २१.१७ वर आली.

केवळ न्यू जर्सी पाहिल्यास वाढ ०.५९ दिसते. केवळ नंतरचे आकडे पाहिल्यास दोन्ही राज्ये जवळजवळ सारखीच वाटतात. दोन्ही बदलांची वजाबाकी केली, की उत्तर सुमारे २.७५ येते. म्हणजे वेतनवाढीने रोजगार घटल्याचे दिसले नाही. मात्र वेतनवाढ नसती, तर दोन्ही राज्यांचा कल समांतर राहिला असता, हे येथे गृहीत आहे.

(आ) कृत्रिम नियंत्रण : १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट जादा कर मंजूर केला. तुलनेला साजेसे एकच राज्य नव्हते. म्हणून अबादी, डायमंड व हाइनम्यूलर यांनी २०१० च्या लेखात इतर ३८ राज्यांना वेगवेगळे भार देऊन 'कृत्रिम कॅलिफोर्निया' रचला. त्यात यूटा व नेवाडा यांचा वाटा मोठा होता. करापूर्वीची त्याची सिगारेट-विक्री खऱ्या कॅलिफोर्नियाशी जुळत होती. करानंतर दोन्ही रेषा दुरावल्या. २००० पर्यंत खरी दरडोई वार्षिक विक्री सुमारे २६ पाकिटांनी कमी राहिली.

तुलना : पहिल्या पद्धतीस दोन वेळांची माहितीही पुरते, पण तेवढ्यावरून समांतर कल तपासता येत नाही. दुसरीत पूर्वीची जुळणी डोळ्यांनी पडताळता येते. परंतु त्यासाठी अनेक वर्षांची नोंद हवी. जुळणीच होत नसेल, तर ती पद्धत वापरू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न : पेनसिल्व्हेनियातील घट तेथील एखाद्या स्थानिक कारणाने झाली असेल, तर २.७५ या उत्तराचे काय होईल?