पाचट, पाटपाणी आणि मातीचा श्वास

उसाचं पाचट जाळू नका, शेतातच कुजवा, हे तुम्ही ऐकलंच असेल. सल्ला योग्यच आहे. पण त्यातल्या कार्बनचं पुढे काय होतं, हे बरंचसं पाण्यावर ठरतं.

मातीतले जिवाणू पाचट खातात आणि आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यांना ओल हवी, हवाही हवी. मातीच्या पोकळ्या साधारण 60 टक्के पाण्याने भरलेल्या असल्या की हा श्वास सर्वांत जोरात चालतो. शेतकऱ्याचा वाफसा याच्याच आसपासचा. (आकडा नंतर आला, शब्द आपल्याकडे आधीपासून होता!)

खरी गोम पाटाने पाणी दिल्यावर. पोकळ्यांतली हवा बाहेर ढकलली जाते. ऑक्सिजन कमी पडला की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. हे नायट्रेट कुठलं? बरंचसं आपण टाकलेल्या युरियाचं. यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापदायक. पाचट इथे दुहेरी काम करतं: या जिवाणूंना खाद्य पुरवतं आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतं.

पाणी साचूनच राहिलं तर बराचसा वायू निरुपद्रवी नायट्रोजनपर्यंत पोचतो, पण मग मिथेनची पाळी येते. म्हणजे नायट्रस ऑक्साइडसाठी सगळ्यात वाईट अवस्था मधलीच, ना वाफसा ना चिखल.

पाचट लवकर कुजावं म्हणून त्यावर युरिया टाकतात, कारण त्यात नायट्रोजन फार कमी. फक्त तो टाकून लगेच सरी तुडुंब भरू नका. ठिबक असेल तर नंतरचा युरिया थोडाथोडा त्यातूनच द्या.