पोरकट कोणाला म्हणावे?

'काय हा पोरकटपणा!' हे वाक्य कधीच ऐकले नाही, असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडायचा नाही. घरी वडीलधारी मंडळी, वर्गात गुरुजन, एस. टी. स्टँडवर अनोळखी माणसेसुद्धा हा शब्द सहज फेकतात. परंतु पोरकट, बालिश, अल्लड, निरागस हे सारे शब्द आपण एकाच मापाने मोजतो आणि त्यात कोणावर तरी अन्याय होतो. म्हणून त्यांचा थोडा ऊहापोह करावा, असे मला वाटले.

प्रथम 'पोरकट' हाच शब्द घेऊ. मळकट, तेलकट, धुरकट यांतला 'कट' येथेही आहे. धुरकट म्हणजे धूर नव्हे, धुराची छटा लागलेले. तसेच पोरकट म्हणजे पोर नव्हे; पोरवय सरल्यावरही ज्याच्या वागण्याला त्याचा डाग राहिला, तो. 'बळकट'सारखा अपवाद सोडला तर हा 'कट' बहुधा नापसंतीच दाखवतो. 'पोरसवदा' या शब्दात मात्र दोष नाही. तो केवळ वय आणि चेहरेपट्टी सांगतो.

'बालिश' हा शब्द संस्कृतातला, आणि तेथेही त्याला मूर्खपणाची छटा होतीच. तो विशेषतः विचाराला लागतो. वागणे पोरकट असते, युक्तिवाद बालिश असतो. 'पोरखेळ' माणसाला नव्हे, कृतीला म्हणतात. ग्रामसभेत ठराव न वाचताच मंजूर झाला, तर तो पोरखेळ. 'दुधखुळा' या शब्दाची गंमत अशी की तो बहुधा नकारातच येतो : 'मी काही दुधखुळा नाही!'

आता दुसरी बाजू पाहू. 'आगस्' म्हणजे अपराध. ज्याच्या ठायी तो नाही, तो निरागस. बालसुलभ म्हणजे लहान वयाला सहज शोभणारे. कुतूहल हे बालसुलभ असते. अवखळ वासरूही असते आणि ओढाही; त्यात खोडी असते, दुष्टावा नसतो. 'अल्लड' हा शब्द मात्र आपण बहुतेक मुलींसाठी राखून ठेवला आहे. मोठ्याने हसणारा मुलगा दिलखुलास ठरतो आणि तशीच हसणारी मुलगी अल्लड!

आपल्या सिल्लोडच्या बोलीत याहून मायेचा शब्द आहे : लेकरू. 'लेकरूच हाय, जाऊ द्या,' असे म्हटले की भांडण मिटते. लेकराला 'कट' जोडून शिवी करावी, असे आपल्या आयाबायांना कधी सुचले नाही.

या सर्वांच्या विरुद्ध टोकाला 'पोक्त' आणि 'परिपक्व' हे शब्द आहेत. पहिला फारसी, दुसरा संस्कृत. परंतु दोहोंच्या मुळाशी शिजणे, पिकणे हाच अर्थ आहे. भाकरी भाजायलाही वेळ द्यावा लागतो, मग माणसाला का नको?

येथेच मला खरे दुखणे दिसते. आपल्या मराठवाड्यात आजही काही मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीच्या लग्नाचे किमान वय १८ झाले. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा तर १८ वर्षांखालील मुलीला स्पष्टपणे बालकच म्हणतो. तरी सोळा वर्षांच्या मुलीने सासरी दारात लंगडी घातली, की 'आता पोरकटपणा सोड' असे तिला बजावतात. अहो, जी अजून पोरच आहे ती पोरकट कशी? तिचे वागणे बालसुलभ आहे. ते सोडायला लावणारे आपण आहोत. उलट, पन्नाशीचा गृहस्थ मानपानावरून लग्नमंडपात रुसून बसतो, तेव्हा त्याला पोरकट म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. त्याला आपण 'मानी' म्हणतो!

माझे म्हणणे एवढेच की, हा शब्द उच्चारण्यापूर्वी समोरच्याचे वय विचारात घ्यावे. मोठ्यांच्या पोरकटपणाला जरूर नाव ठेवावे. लेकरांचे लेकरूपण मात्र शब्दानेही हिरावून घेऊ नये.