कोंबड्यांची मानमोडी

चिखलदऱ्याच्या पठारावर पावसाळा सरून थंडी पडूं लागली, कीं एक वाक्य हमखास कानीं येतें : "गुरुजी, कोंबडीनें मान टाकली; कांहीं औषध सांगा." मीं जन्मभर मुलें शिकविलीं, पशुवैद्यकाची पदवी माझ्याजवळ नाहीं. या विषयांत जें थोडेंबहुत कळतें, तें दवाखान्याच्या ओट्यावर बसून ऐकलेलें आणि कांहीं स्वतःच्या चुकीनें शिकलेलें आहे.

ती चूक आधीं सांगतों. एके वर्षीं आठवडी बाजारांत एक देखणा कोंबडा स्वस्तांत मिळाला. मीं तो घरीं आणून त्याच संध्याकाळीं २४ कोंबड्यांच्या खुराड्यांत सोडला. पांचव्या दिवशीं तो पंख पाडून कोपऱ्यांत बसला आणि पंधरवडा संपण्यापूर्वीं खुराड्यांत तीन कोंबड्या उरल्या. तो स्वस्त कां मिळाला, हें तेव्हां उमगलें.

हा रोग राणीखेत. आपल्याकडे त्यास मानमोडी म्हणतात. १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें तो प्रथम ओळखला गेला. पुढें लवकरच कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें आढळला आणि या देशांत तेंच नांव रूढ झालें. राणीखेत हें चिखलदऱ्यासारखेंच थंड हवेचें ठिकाण. नांव आपल्या गांवाचें पडलें नाहीं, एवढेंच आपलें नशीब! रोगी पक्षी दाणे सोडतो, चोंच उघडून घरघर श्वास घेतो, हिरवट-पांढरें पातळ हगतो. जे यांतून तगतात, त्यांपैकीं कित्येकांची मान पिळवटते, पाय लुळा पडतो. कारण विषाणूचें असल्यामुळें त्याला मारणारें औषध आजही नाहीं. लसूण द्या, हळद द्या, पक्ष्याचें नुकसान होणार नाहीं. पण रोगही जाणार नाहीं. दुकानांतील प्रतिजैविकाच्या गोळ्यांनीं फार तर मागाहून होणारा जंतूंचा उपद्रव आवरतो.

मात्र प्रत्येक मरगळ मानमोडी नव्हे, म्हणून आधीं विष्ठा पाहावी. तीन ते आठ आठवड्यांचीं पिलें पिसें फुलवून गोळा होऊन बसलीं आणि विष्ठेंत रक्त दिसलें, तर बहुधा ती रक्ती हगवण. तिचे परजीवी ओल्या भुशांत वाढतात, आणि आमच्या पठारावर पावसाळ्यांत कोरडा भुसा मिळणें किती कठीण, तें येथें राहणाऱ्यालाच ठाऊक. भुसा बदलून पाण्यांतून अँप्रोलियम दिल्यास पिलें वांचतात. तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं खपल्या धरल्या, तर त्या देवी. डांस त्या पसरवितात. खपल्या ओढून काढूं नयेत. धडधाकट कोंबडी एकाएकीं मेली, तुरा जांभळा पडला, गळ्याखालचे लोळे सुजले, तर पटकीचा संशय घ्यावा. ती जंतूंची असल्यानें वेळीं औषध लागू पडतें. याच कोंबड्यांच्या पटकीवर लुई पाश्चरनें १८८० च्या सुमारास लशीचा प्रयोग यशस्वी केला होता. खात्री हवी असेल, तर नुकताच मेलेला पक्षी पिशवींत बांधून दवाखान्यांत न्यावा. पेषणीच्या अलीकडील जठराच्या अस्तरावर रक्ताचे ठिपके दिसले, तर पशुवैद्य राणीखेतकडे बोट दाखवितात.

आतां मुख्य गोष्ट : लस. पहिल्या आठवड्यांत पिलाच्या डोळ्यांत किंवा नाकपुडींत लासोटा लशीचा एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हां तसाच थेंब, आणि आठ-दहा आठवड्यांनीं आर-टू-बी लशीचें अर्धा मिलिलीटर कातडीखालीं. ही दुसरी लस लहान पिलांस किंवा आजारी पक्ष्यांस देऊं नये. अडचण निराळीच आहे. कुपी साधारणतः १०० पक्ष्यांची असते आणि आमच्या मेळघाटांतील कोरकू बाईच्या दारीं कोंबड्या आठ किंवा दहा. कुपी विरघळविली, कीं दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फांत ठेवून. म्हणून एकेका घरानें लस आणणें परवडत नाहीं. वस्तीनें मिळून आणावी आणि कोंबड्या सोडण्यापूर्वीं, भल्या पहाटे, डालग्याखालींच टोंचून घ्याव्यात.

दुसरें दुखणें बाजाराचें. खुराड्यांत रोग दिसतांच उरलेले पक्षी विकून चार पैसे सोडवावेत, असें कोणासही वाटतें. पोराची वही, तेल-मीठ हें त्याच कोंबड्यांवर चालत असेल, तर त्या बाईला दोष देण्यास माझी जीभ रेटत नाहीं. पण रोग पसरतो तो याच वाटेनें. निदान विकत घेणाऱ्यानें तरी नवा पक्षी २१ दिवस वेगळा ठेवावा, आणि मेलेला ओढ्यांत न फेकतां चुना टाकून खोल पुरावा.

एक धोका मात्र घरगुती उपायांच्या पलीकडचा. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आपल्या देशांतील पहिला बर्ड फ्ल्यू उघडकीस आला आणि त्या भागांत लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. डोकें सुजून, तुरा निळा पडून खुराडेंच्या खुराडें एकदम ओस पडलें, तर उघड्या हातानें कांहींही उचलूं नका, मुलांना दूर ठेवा व दवाखान्यास तत्काळ कळवा. तो रोग माणसालाही होतो.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या आळींतील अकरा घरांनीं मिळून एक कुपी आणली. दोन घरें त्यांत आलीं नव्हतीं. यंदा बर्फ आणण्याचें काम त्याच दोघांनीं आपणहून पत्करलें आहे.