मुकी गिऱ्हाइके

मागच्या आठवड्यात आपण टॉवरपासून फोनपर्यंतची वाट पाहिली. त्या वाटेच्या टोकाला माणूस होता. रेंज गेली की तो खिडकीशी जातो, चिडतो, कस्टमर केअरला फोन लावतो. आज टोकाला ठेवू एक पाण्याचा मीटर. तो जमिनीखालच्या खड्ड्यात आहे, वर लोखंडी झाकण आहे, आणि त्याला तक्रार करता येत नाही.

अशा गिऱ्हाइकांवर सगळ्यात मोठी पैज लावली ती स्वीडनच्या एरिक्सनने. लार्स मॅग्नस एरिक्सन यांनी १८७६ मध्ये स्टॉकहोममध्ये तारयंत्रे दुरुस्त करण्याचे छोटे दुकान काढले, त्यातून ही कंपनी उभी राहिली. २०१२ मध्ये सोनीबरोबरच्या भागीदारीतला आपला वाटा विकून ती फोनच्या धंद्यातून बाहेर पडली. आज तिचा मुख्य माल म्हणजे टॉवरवरचे रेडिओ आणि त्यामागची सारी यंत्रणा. हा माल घेतात मोबाईल कंपन्या. माणसांच्या हाती फोन आले, पुढे काय? या प्रश्नाला कंपनीचे तेव्हाचे प्रमुख हान्स वेस्टबर्ग यांनी २०१० मध्ये उत्तर दिले : २०२० पर्यंत जगात ५,००० कोटी उपकरणे जाळ्याला जोडलेली असतील. आकडा गोल होता, मोठा होता, म्हणून पुढची कित्येक वर्षे तो प्रत्येक परिषदेतल्या पडद्यावर झळकला. २०१६ पर्यंत कंपनीच्याच अहवालातला अंदाज २०२१ सालासाठी सुमारे २,८०० कोटींवर उतरला होता, आणि त्यात फोन-संगणकही धरलेले होते.

आकडा फसला, पण त्यापायी झालेले तांत्रिक काम फुकट गेले नाही. मीटरला वेग नको असतो. दिवसातून एकदा चार आकडे पोचले की त्याचे भागते. त्याला हवी असते दहा वर्षे टिकणारी बॅटरी, झाकणाखाली पोचणारा सिग्नल आणि स्वस्त मोडेम. २०१६ च्या जूनमध्ये ठरलेले एनबी-आयओटी हे मानक याच तीन गरजांतून आले. त्याआधी वर्षभर यावर चांगलीच रस्सीखेच चालली होती : हुआवे आणि व्होडाफोनला पाटी कोरी करून नवे तंत्र हवे होते, तर एरिक्सन, नोकिया आणि इंटेल यांना ते फोरजीच्या चौकटीतच बसवायचे होते. शेवटी तडजोड झाली. एरिक्सनचा हट्ट स्वार्थाचा होताच, पण बिनबुडाचा नव्हता. टॉवरवर बसवलेल्या रेडिओतच सॉफ्टवेअर भरून काम होणार असेल, तर मोबाईल कंपनी नवी यंत्रे कशाला घेईल?

फोरजीचा पट्टा २० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतो. एनबी-आयओटीला १८० किलोहर्ट्झ पुरतात. सिग्नल क्षीण असेल तर मीटर तोच निरोप १२८ वेळा पाठवू शकतो. गोंगाटात बहिऱ्या आजोबांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे, तसा हा प्रकार. बाकीचा वेळ तो झोपतो. झोपण्यापूर्वी जाळ्याला तसे कळवतो आणि जाळे त्याची नोंद पुसत नाही. ही झोप वर्षाहून लांब असली तरी मानकाला चालते. फोन सतत जागा आहे असे गृहीत धरून बांधलेल्या व्यवस्थेत हा बदल साधा नव्हता.

धंद्याचे गणित मात्र जमले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एरिक्सनने उपकरणे सांभाळण्याचा आपला विभाग अमेरिकेतील एरिस कंपनीला देऊन टाकल्याचे जाहीर केले. तेव्हा त्यावर साडेनऊ कोटींहून अधिक उपकरणे होती. दरमहा काही पैसे देणाऱ्या मीटरवर पोट भरायचे तर संख्या अफाट लागते.

एक गोष्ट भाकितात नव्हती. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये ओटू आणि जपानमध्ये सॉफ्टबँकेची सेवा कोलमडली. कोणते उपकरण कुठे आहे याची नोंद ठेवणारा जाळ्याच्या गाभ्यातला भाग दोन्हीकडे एरिक्सनचा होता, आणि त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. टॉवर उभे, रेडिओ चालू, फोनही धडधाकट. फक्त एक तारीख उलटली होती. कोट्यवधी लोकांनी आरडाओरडा केला. लंडनच्या थांब्यांवर बसच्या वेळा दाखवणाऱ्या पाट्या मात्र मुकाट बंद पडल्या, कारण त्याही त्याच जाळ्यावर होत्या. एरिक्सनचे प्रमुख बोर्जे एकहोल्म यांनी माफी मागितली.

हा बिघाड तरी दुरुस्त होणारा होता. वयाचा प्रश्न त्याहून चिवट. फोन आपण काही वर्षांत बदलतो, मीटर पंधरा वर्षे जागेवर राहतो. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत एटी अँड टीने टूजी बंद केले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या बस-ट्राममधले अनेक मोडेम टूजीचेच होते. ते बदलण्याचे काम सुरू होते, पण पुरे झाले नव्हते. गाड्या धावत राहिल्या आणि पाट्यांवरून गायब झाल्या. ब्रिटनमधल्या मोबाईल कंपन्या २०३३ पर्यंत टूजी गुंडाळणार आहेत. तिथले लाखो स्मार्ट मीटर याच जाळ्यांवर बोलतात, म्हणजे त्याआधी घरोघरी माणूस पाठवून त्यांचा संपर्काचा डबा बदलणे आले. ई-सिमने हे काम टळत नाही, कारण सिम दुरून बदलले तरी रेडिओ जुनाच राहतो. मग ई-सिम नेमके सोडवते काय, ते पुढच्या आठवड्यात.